अद्रकीची पाठवणी

नोकरी लागल्यापासून मी दर वर्षी मुलांना बंदर शिकवत आलो आहे. फळ्यावर किनारा काढायचा, त्याला एक खोबण काढायची, खोबणीत जहाज उभं करायचं आणि खाली लिहायचं: खोल पाणी, सुरक्षित किनारा, पृष्ठप्रदेश. पृष्ठप्रदेश म्हणजे ज्याचा माल त्या बंदरातून बाहेर जातो, तो बंदराच्या पाठीमागचा मुलूख. "म्हणजे आपण," असं सांगितलं की पोरं एकमेकांच्या पाठीकडं बघून हसतात. क्रांती चौकाजवळच्या शाळेत बसून समुद्र शिकवायचा हा प्रकारच मुळात विनोदी आहे. त्यात मी स्वतः कधी बंदर पाहिलेलं नव्हतं. मुंबईच्या चौपाटीवर एकदा भेळ खाल्ली होती, तेवढाच माझा सागरी अनुभव.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र मी बंदरावर जाऊन आलो. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आणि ज्यांना अद्रक फक्त चहापुरती ठाऊक आहे त्यांच्यासाठीही.

फुलंब्री

माझा थोरला भाऊ, दादा, फुलंब्रीजवळच्या आमच्या गावी शेती करतो. गावातल्या अद्रक लावणाऱ्या घरांनी मिळून एक गट केला आहे आणि दादा त्याचा म्होरक्या आहे. आजवर आमची अद्रक शहरातल्या अडतीपर्यंत जायची. पुढं ती कुणाच्या कपात पडते याची चौकशी कुणी केली नव्हती. यंदा दुबईच्या एका व्यापाऱ्यानं पहिल्यांदा कंटेनरभर माल मागवला. चांगला निघाला तर दर हंगामात घेऊ, नाहीतर रामराम, असं त्याचं सरळ बोलणं. त्यामुळं गाव महिनाभर त्या एका कंटेनरभोवती फिरत होतं.

माल बंदरात चढेपर्यंत गटाचं कुणीतरी सोबत हवं होतं. जाणार होता दादाच, पण ऐन वेळी तो अद्रक धुण्याच्या ओट्यावर घसरला आणि घोटा सुजवून बसला. घरात रिकामा माणूस एकच होता. "तू तर बंदर शिकवतोस," दादा म्हणाला. मला नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही.

परदेशात जाणाऱ्या अद्रकीला मातीचा कण चालत नाही. म्हणून गावातल्या बाया सकाळपासून पाण्याच्या फवाऱ्याखाली गड्डे धूत होत्या. गड्ड्याच्या बोटांच्या बेचक्यात माती दिसली की तो परत पाण्यात. माझ्या लग्नात हळद काढायला मला कुणी एवढं घासलं नव्हतं. नंतर सावलीत सुकवणं, निवडणं, खोक्यात भरणं झालं. तपासणीचे साहेब येऊन माल पाहून गेले आणि खोकी थंड कंटेनरमध्ये चढायला लागली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, या सगळ्यात पुढं होती. कंटेनरच्या दारातून येणाऱ्या गार हवेत क्षणभर उभी राहून ती म्हणाली, "आमी उन्हात वाळायलो, आन् अद्रक एसीत निघाली बगा."

शेवटची खोकी चढत होती तेव्हा मी समोरच्या गावशाळेच्या ओसरीवर पोहे खात होतो. कंटेनरपाशी बायांची गर्दी झालेली दिसली, गाणं ऐकू आलं. गाडीला हळदकुंकू लावत असतील असं मला वाटलं. बायकांचं काहीतरी चाललंय म्हणून दादाही तिकडं फिरकला नाही. मी हात धुऊन आलो तेव्हा दारं बंद होऊन सील लागलं होतं आणि वहिनी पदरानं डोळे पुसत होती.

"वहिनी, अद्रकीसाठी रडता?" मी चिडवलं.

"लेक लावून दिल्यावानी वाटायलंय, भाऊजी. पोचली की फोन करा."

समृद्धी

ट्रेलरचे चालक अन्वरभाई आपल्या शहरातलेच. दाढी पांढरी, आवाज मऊ, आणि गाडी चालवताना सारखं काहीतरी गुणगुणण्याची सवय. सावंगीला आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो. ट्रेलरच्या केबिनमधून जग वेगळंच दिसतं. मोटारगाड्या पायाशी पळतात आणि शेतं नकाशासारखी पसरलेली असतात. मी भूगोलाचा मास्तर असल्यामुळं दर डोंगराचं नाव सांगत होतो आणि अन्वरभाई दर वेळी "अच्छा" म्हणून पुन्हा गुणगुणत होते.

एका थांब्यावर मला कंटेनरच्या थंडाव्याच्या मशीनचा आवाज येईना. मी घाबरून खाली उतरलो, तापलेल्या पत्र्याला कान लावला आणि कान भाजून घेतला. मशीन मधूनमधून आपोआप गप्प बसतं, हे अन्वरभाईंनी मला नंतर सांगितलं. "सर, टेन्शन नक्को लेव. अद्रक मजेत है. तुमच्या कानाला बर्फ लावा," म्हणाले, आणि खरोखरच चहावाल्याकडून बर्फ आणून दिला.

दुपारी आम्ही डबे उघडले. माझ्याकडं वहिनीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, त्यांच्याकडं खिचडी आणि चिंचेचा खट्टा. दोन्ही डबे मध्ये ठेवले आणि कुणाचं काय हे पाहिलं नाही. दशमी मोडत अन्वरभाई म्हणाले, "घरचा डबा असला की आदमी गाडी भी सबुरीनं चालवतो."

इगतपुरीचा बोगदा संपला आणि हवा बदलली. आमच्याकडचं ऊन कोरडं, घाम येतो आणि लगेच वाळून जातो. इथं सदरा पाठीला चिकटला तो घरी येईपर्यंत सुटलाच नाही. डोंगर हिरवट झाले, कौलं दिसू लागली आणि मला उगाचच मासळीचा वास यायला लागला, समुद्र अजून बराच दूर असताना.

उरण

बंदर जवळ आलं हे समुद्रावरून कळलं नाही, रांगेवरून कळलं. जिकडं पाहावं तिकडं ट्रेलर, एकामागं एक, निळे, लाल, हिरवे कंटेनर घेऊन उभे. मी नंबरपाट्या वाचत बसलो. नाशिकच्या गाड्या होत्या, जालन्याच्या होत्या, नागपूरच्या होत्या. आमच्या एमएच-वीस नंबरच्याही बऱ्याच दिसल्या. शेजारच्या गाडीत वाळूजच्या कारखान्यातले यंत्रांचे भाग होते, पलीकडच्या गाडीत कांदा. इतकी वर्षं फळ्यावर मी जो पृष्ठप्रदेश खडूनं रेघा मारून दाखवत होतो, तो इथं इंजिन चालू ठेवून चहा पीत उभा होता. मला फार बरं वाटलं. आपण शिकवलं ते खोटं नव्हतं, असा आनंद मास्तराला क्वचितच मिळतो.

बंदराच्या गेटाबाहेर कंटेनर थांबतात त्या यार्डात आम्हाला रंजना घरत भेटल्या. मालाची कागदपत्रं करून तो जहाजावर चढवून देणाऱ्या आमच्या एजंट. तिशीच्या, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, गळ्यात ओढणी, आणि स्कूटरवरून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात. इकडं लोक काही सांगत नाहीत, सगळं 'बोलतात'.

"सर, मी काय बोलते, उद्या संध्याकाळी या जहाजासाठी गेट बंद होणार. त्याच्या आत गाडी आत गेली पाहिजे. राहिली तर पुढचं जहाज आठवड्यानं. आणि आत मालाशिवाय काय नाय ना? माती, पेंढा, धान्य? मागं एकाच्या कंटेनरात पेंढा निघाला, तर तिकडून अख्खा माल परत पाठवला."

"माती धुण्यात आम्ही विहीर संपवली आहे," मी ऐटीत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका खाणावळीत जेवायला बसलो होतो. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि तळलेली मांदेली. आमची ज्वारीची भाकरी हातावर धपाधप थापलेली ऐकू येते, ही तर हातात घेतली तरी समजत नाही इतकी मऊ. मांदेली काट्यासकट खातात हे ठाऊक नसल्यामुळं मी प्रत्येक मासोळीचं ऑपरेशन करत होतो आणि अन्वरभाईंची तिसरी भाकरी चालू होती. तेवढ्यात गटाच्या ग्रुपवर गावातल्या कुणीतरी पाठवणीचे फोटो टाकले. दादा कंटेनरला टेकून उभा, बाया हसताहेत, मी पोहे खातोय. आणि एक फोटो कंटेनरच्या आतला. खोक्यांच्या शेवटच्या रांगेवर हिरवा खण पसरलेला, त्यावर नारळ, हळकुंड, सुपारी आणि ओंजळ ओंजळ गहू.

बायांनी अद्रकीची ओटी भरली होती.

घास तोंडातच राहिला. बाहेर जाऊन वहिनीला फोन लावला.

"व्हय, भरली की," वहिनी म्हणाली. "खण गुलमंडीवरनं आणला, सादा नाय. लेक सासरी लावायची आन् वटी मोकळी ठिवायची व्हय? आन् ती तर समुद्रापल्याड चालली."

"वहिनी, आत धान्याचा दाणाही चालत नाही. तिकडं पकडलं तर सगळा माल परत येईल."

मग ती हळू म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाय, भाऊजी." ते खरंच होतं. माती चालत नाही हे बायांना सगळ्यांनी सांगितलं होतं, कारण माती धुवायचं काम त्यांचं. नियमांचा बाकीचा कागद पुरुषांनी आपसात वाचून ठेवून दिला होता.

मग दादाला फोन लावून सांगितलं. त्याच्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती अशी भीती होती. "गेट बंद झालं तर आठवडाभर माल पडून राहील. नाही सांगितलं तर कदाचित कुणाला दिसणारही नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी इथं खाटेवर पडलोय. तू तिथं आहेस. तुला जे दिसतंय तसं कर."

मला दिसत होता तो फोटो. ओटी दारातच होती. दुबईचा व्यापारी ज्या क्षणी दार उघडेल त्या क्षणी त्याला अद्रक दिसणार नव्हती, गहू दिसणार होता. गावाला एकच संधी मिळाली होती आणि ती माझ्या हातात आहे याचा मला मनापासून राग आला. दादावर आला, वहिनीवर आला, स्वतःवरही आला. अन्वरभाईंनी फोटो पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि गुणगुणणं थांबवलं. "सर, मॅडमला सांगून टाका," एवढंच म्हणाले.

यार्ड

घरत मॅडमनी फोटो पाहून कपाळाला हात लावला. "आता तुम्ही मला बोललात, मला नाय कळलं असं मी करू शकत नाय," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. लगेच तीन-चार फोन केले, ओढणी कमरेला खोचली आणि तपासणीच्या अधिकारी बाईंना घेऊनच आल्या. त्यांना यायला वेळ लागला तेवढ्यात माझं निम्मं रक्त आटलं. सूर्य यार्डातल्या कंटेनरच्या मनोऱ्यांमागं उतरायला लागला होता.

अधिकारी बाई चष्म्यातून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. सील कापलं, दार उघडलं. थंड वाफेबरोबर ताज्या अद्रकीचा वास बाहेर आला आणि यार्डातली चार माणसं मान वळवून बघायला लागली. ओटी होती तशी होती. नारळावर पाण्याचे थेंब जमले होते.

"कोणी भरली?" बाईंनी विचारलं.

"माझ्या वहिनीनं. पहिल्यांदाच गावचा माल समुद्रापलीकडं चालला आहे. लेक चालली असं तिला वाटलं."

बाईंनी शेवटच्या दोन रांगांतली सगळी खोकी उतरवायला लावली. खोक्यांच्या फटीत सांडलेले दाणे कामगारांनी आणि मी गुडघ्यावर बसून वेचले. अन्वरभाईंनी मोबाइलचा उजेड धरला. बाईंनी स्वतः वाकून कोपरा न् कोपरा पाहिला, दोनदा झाडून घ्यायला लावलं, अद्रकीचे गड्डे उलटेपालटे करून बघितले. "माल चांगला धुतलाय," त्या म्हणाल्या. मला शाळा तपासणीत शेरा मिळाल्यासारखं वाटलं.

एका कामगारानं सगळी ओटी खणात गोळा केली आणि कचऱ्याच्या पिंपाकडं निघाला. "थांबा," मी म्हणालो. पुढं काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. भरलेली ओटी कुणी पिंपात टाकत नाही, एवढं ठाऊक होतं. मी वहिनीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन ओटीसमोर धरला.

"टाकू नका तिला," वहिनी म्हणाली. "एकाद्या बाईच्या पदरात घाला. पर तुमी नका घालू, भाऊजी. बाईनंच भराय पायजे."

यार्डात बाया दोनच होत्या. घरत मॅडमनी माझ्या हातातला फोन पाहिला, मग स्वतःकडं पाहिलं. जाकिटाला पदर नसतो. त्यांनी कमरेची ओढणी सोडली, डोक्यावरून घेतली आणि दोन्ही टोकं पसरून उभ्या राहिल्या. अधिकारी बाईंनी हातातले रबरी मोजे काढून खिशात घातले. नारळ ठेवला, हळकुंड ठेवलं, मग गहू, ओंजळीनं, पाच वेळा. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

"बाई, तुम्हाला चालेल ना हे?" मी घाबरत विचारलं.

"देशातल्या देशात गहू कुठंही जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "माझी हरकत नाही."

फोनमधून वहिनीनं विचारलं, "नाव काय हिचं?"

"रंजना."

"रंजना, माहेर कुठलं गं तुजं?"

"इथलंच. सासर पण इथलंच," घरत मॅडम म्हणाल्या. "आता फुलंब्री पण बोलायचं का?"

"मंग काय," वहिनी म्हणाली.

नवं सील लागलं. अन्वरभाईंनी इतक्या वेगानं गाडी काढलेली मी त्यानंतर पाहिली नाही. घरत मॅडम स्कूटरवरून पुढं आणि मी त्यांच्या मागं बसून, मांडीवर ओढणीत बांधलेली ओटी. बंदराचं गेट बंद व्हायच्या थोडं आधी ट्रेलर आत गेला. मला आत परवानगी नव्हती. मी आयुष्यभर बंदर शिकवून शेवटी बंदराच्या फाटकाशी थांबलो, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

खाडीकाठ

दुसऱ्या दिवशी सकाळी घरत मॅडम मला त्यांच्या माहेरी घेऊन गेल्या. खाडीच्या काठावरचं छोटं घर, आणि गच्चीवर गेलं की समोर सगळं बंदर. क्रेन इतक्या उंच की त्यांच्याखालची जहाजंही लहान दिसतात. पाणी निळं नसतं, चिखलाच्या रंगाचं असतं, आणि मोठं जहाज आत यावं म्हणून त्या चिखलात सतत गाळ उपसून वाट खोल ठेवावी लागते. पुस्तकात जे खोल पाणी मी एका शब्दात शिकवतो, ते रोज राखावं लागतं, हे मला तिथं समजलं.

त्यांच्या आईनं चहा दिला, अद्रक घातलेला. "ती तिसरी क्रेन दिसते ना," त्या म्हणाल्या, "तिथं आमचा भाताचा शेत होता." तक्रारीच्या सुरात नव्हत्या. आता उरलेल्या तुकड्यात थोडा तांदूळ होतो, घरापुरता. ओटीतले गहू त्यांनी परातीत पसरून ठेवले होते आणि शेजारणी येऊन बघून जात होत्या. आमच्या मुलखानं माल पाठवावा म्हणून कुणाच्या तरी शेतावर क्रेन उभी राहिली, ही गोष्ट पृष्ठप्रदेशाच्या व्याख्येत मी कधी घातली नव्हती. चहा फार चांगला झाला होता. मी दुसरा कप मागून घेतला.

दुपारच्या भरतीला एक लांबलचक जहाज सुटलं. त्यातच आमचा कंटेनर होता, असं घरत मॅडम म्हणाल्या. मी वहिनीला फोन केला. "निघाली," म्हणालो.

परत गावी

दुबईहून निरोप आला तेव्हा दादानं फोन स्पीकरवर लावला. दार उघडलं, माल उत्तम, दुसरा कंटेनर लवकर पाठवा. दादा लंगडत उठला आणि अंगणात फिरून आला. वहिनी एवढंच म्हणाली, "नीट पोचली म्हणायची."

दुसऱ्या कंटेनरच्या वेळी नियमांचा सगळा कागद वहिनीनं मला बायांसमोर मोठ्यानं वाचायला लावला. ओटी भरलीच, पण ती केबिनमध्ये, अन्वरभाईंच्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून ठेवली. "रंजनाच्या हातात द्या," तिनं बजावलं.

आठवडा झाला आणि अन्वरभाई तिसऱ्या खेपेसाठी रिकामा कंटेनर घेऊन गावात आले. बंदरावरून आमच्याकडं येणारे कंटेनर बहुतेक रिकामेच येतात, हे मी वर्गात नेहमी सांगतो. अन्वरभाई केबिनमधून एक कापडी गाठोडं घेऊन उतरले. त्यात हातसडीचा तांदूळ होता, नारळ होता, हळकुंड होतं आणि जांभळा खण. "रंजना मॅडमनी दिलंय," ते म्हणाले. "बोलल्या, लेकीकडून माहेरी गाडी रिकामी नक्को जायला." मग गाठोडं दोन्ही हातांत धरून ते अवघडून उभे राहिले. "वहिनी, ये मेरे से कैसे होगा? बाई लोकांचं काम है ना?"

वहिनी हात पुसत पुढं आली. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि त्यांच्यासमोर पसरला.

"घाला," ती म्हणाली. "लेकीकडचं घेऊन आलाव, आता तुमी भाऊच."

अन्वरभाईंनी गाठोडं अलगद तिच्या पदरात ठेवलं. वहिनीनं ते आत देवापुढं नेऊन ठेवलं आणि परत येऊन फवारा चालू केला. तिसऱ्या कंटेनरची अद्रक धुवायची राहिली होती.